बयाचे पुढे काय झाले?



आषाढी एकादशीला सहा-सात दिवस उरले होते. मराठवाड्यातून येणाऱ्या एका लहानशा दिंडीचा मुक्काम आमच्या सोलापुरात पडला होता. हरिपाठ झाला, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटीचा प्रसाद झाला, आणि दिवसभर तापलेले पाय पसरून मंडळी तेल चोळत बसली. कोपऱ्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा भिंतीला टेकून मोबाईलवर जुना काळा-पांढरा चित्रपट पाहत होता. ढोलकीचा ठेका कानावर आला तसे विणेकरी बुवा ताडकन उठून बसले.

‘अरे, गळ्यात माळ आणि हातात तमाशा? वारीत आहेस ना तू? बंद कर ते.’

मुलगा ओशाळला. पण हळूच म्हणाला, ‘बुवा, हा ह्याच गावच्या कवीवरचा सिनेमा आहे. रामजोशी. ते पुढे कीर्तनकार झाले होते.’

बुवांनी माझ्याकडे पाहिले. मी सोलापूरचा, त्यातून प्रवचने करणारा. मीही जरा फुशारूनच सांगू लागलो. गाव आमचे, कवी आमचा, आणि दृष्टान्त तर माझा वीस वर्षांचा पाठ. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला बुद्धिमान मुलगा तमाशाच्या नादी लागतो, एका नाचणारीत गुंततो, भाऊ त्याला घराबाहेर काढतो, आणि शेवटी मोरोपंतांसारख्या सज्जनाच्या संगतीने तो हरिकथेला उभा राहतो. सत्संगाचा महिमा सांगायचा असला की हा दृष्टान्त मी किती वेळा घेतला असेन, त्याला मोजदाद नाही. लोकांना तो आवडतो. गावाचे नाव येते, थोडी ढोलकी येते, शेवटी टाळ येतो.

सांगून झाले. बुवांचा राग निवळला. तेवढ्यात पलीकडे पायाला फडके बांधत बसलेल्या एका मावशींनी मान वर न करता विचारले, ‘आन् त्या बाईचं वो, महाराज? तिचं पुढं काय झालं?’

मी तोंड उघडले, आणि माउली, माझ्याजवळ उत्तर नव्हते. एवढेच नाही. वीस वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

तुम्हीही कीर्तन-प्रवचन ऐकता, काही जण करता. म्हणून ह्या प्रश्नाजवळ थोडे बसू या.

आधी त्या चित्रपटाविषयी. ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट 1947 साली निघाला. राजकमल कलामंदिराची निर्मिती, दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, आणि लेखन व गीते ग. दि. माडगूळकरांची, ज्यांच्या गीतरामायणाने पुढे घरोघरी राम गाईला. रामजोशांच्या भूमिकेत गायक-नट जयराम शिलेदार होते आणि बया झाल्या होत्या हंसा वाडकर. मी तो लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत, तंबूत, कनात वर करून पाहिला. पुढे मराठीत तमाशाचे चित्रपट ओळीने आले, त्यांची वाट ह्या चित्रपटाने मोकळी केली. कवीच्या प्रेमाची गोष्ट लोकांना किती आवडते हे चित्रपटवाल्यांनी त्यावेळीच ओळखले. 1951 साली शांतारामबापूंनीच ‘अमर भूपाळी’ काढला, तो होनाजीवर. होनाजीची भूपाळी आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी काकड्याच्या वेळी लागते. ती ऐकताना होनाजीचे कोणावर प्रेम होते हे आपल्या मनातही येत नाही. चित्रपटाने त्या भूपाळीपाठीमागे एक गुणवती उभी केली.

आता कवीविषयी. रामजोशी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मले आणि 1812च्या सुमारास वारले. घराणे जोशी-पुराणिकांचे, थोरले बंधू मुद्गल विद्वान. धाकट्याचा जीव मात्र फडात. भावाने घराबाहेर काढल्यावर ते पंढरपूरला गेले आणि बाबा पाध्ये यांच्याजवळ त्यांनी शास्त्राध्ययन केले, असे परंपरा सांगते. हे बाबा पाध्ये म्हणजे ‘धर्मसिंधु’ ग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय. म्हणजे माउली, पंढरीने ह्या मुलाला आसरा दिला होता. शिकून परत आल्यावरही त्यांनी लावणी सोडली नाही. उलट संस्कृताचे सगळे वैभव तिच्यात ओतले. त्यांच्या लावण्यांत शृंगार आहे, आणि जटा वाढवून राख फासून लोकांना फसवणाऱ्या ढोंग्यांवर असा आसूडही आहे की आपल्या फडावरच्या कोणाही महाराजाने तो आनंदाने उचलावा. पुढे बारामतीच्या मोरोपंतांनी त्यांना हरिकथेकडे वळवले आणि पंतांच्या आर्या त्यांच्या तोंडून गावोगाव पोचल्या. ते कीर्तन हरिदासी वळणाचे, आपल्या वारकरी कीर्तनाहून निराळे. पण नामाचा गजर तो गजरच.

बयाचे नावही परंपरेने राखले आहे. नाव राखले, बाकी काही नाही. दृष्टान्त सांगताना मी रामजोशांच्या भावाचे नाव सांगतो, गुरूचे सांगतो, मोरोपंतांचे सांगतो. बयाला मात्र मी नेहमी ‘एक नाचणारी’ म्हणत आलो. मावशींनी विचारल्यावर हे प्रथम माझ्या ध्यानात आले.

आता बुवांचा आक्षेप घेऊ. तो सोडून देण्यासारखा नाही. बुवांचे म्हणणे, वारकऱ्याने दुसऱ्याच्या प्रेमाच्या भानगडी पाहू नयेत. काव्य घ्यावे, कवीच्या घरात डोकावू नये. परस्त्रीला माता मानणाऱ्या संप्रदायाने हा शृंगार कशाला पाहायचा? ह्यात तथ्य आहे. मोबाईल हातात आल्यापासून लोकांच्या घरात डोकावण्याची सवय आपल्यालाही लागली आहे, आणि दिंडीच्या मुक्कामावरही ती सुटत नाही.

पण मग आपल्या गौळणी कोठे ठेवायच्या? ज्ञानेश्वर माउलींच्या विरहिणी कोठे ठेवायच्या? ताटातुटीने व्याकूळ झालेल्या बाईचा स्वर खुद्द माउलींनी लावला आहे. नाथबाबांच्या गौळणीतल्या गवळणी कृष्णाशी भांडतात, लाजतात, चिडतात. आणि तमाशाची गंमत पाहा. तिथेही आधी गण होतो, मग गौळण. श्रीगणेशाला आणि श्रीकृष्णाला बोलावल्याशिवाय फडाला पुढे जाता येत नाही. प्रेमाची भाषा आपल्याला विटाळ नाही. ती नीट कानी पडली तर माणूस मऊ होतो. विटाळ होतो तो पाहण्याच्या नजरेने, आणि ती नजर चित्रपट पाहतानाच बिघडते असे नाही. प्रवचन सांगतानाही बिघडते. माझी बिघडली होती.

दुसरा आक्षेप त्या मुलाने घेतला, तोही शहाणा होता. ‘महाराज, पण सिनेमात सगळं खरंच असतं असं नाही ना? त्यांनी बनवलेलं असतं.’ खरे आहे. दोन-अडीच तासांत एक आयुष्य बसवायचे म्हणजे कापावे लागते, जोडावे लागते. पण बनवलेले म्हणून टाकून द्यायचे ठरवले तर आपली अर्धी शिदोरी जाईल. महिपतीबुवांनी ‘भक्तविजय’ लिहिला तो न्यायालयात साक्ष द्यायला नव्हे. ऐकीव आणि वाचीव गोळा करून, त्यात आपला जीव घालून त्यांनी तो लिहिला, आणि त्यावर पिढ्या वाढल्या. ‘संत तुकाराम’ हा 1936चा प्रभातचा बोलपट घ्या. त्यात शांताराम आठवल्यांनी एक अभंग नवा लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की लोक तो गाथेत शोधू लागले. आजही भजनात तो तुकोबांचा म्हणून गाणारे मला भेटतात. मी त्यांना दुरुस्त करतो आणि टाळही धरतो.

म्हणजे रचले की नाही, ह्यावरून मला पाप-पुण्य ठरवता येत नाही. मी दुसरेच पाहतो. जो माणूस उत्तर द्यायला समोर नाही, त्याच्यावर आपण रचताना काय लादले? परनिंदा करू नये असे आपण रोज सांगतो. ती निंदा शिवी देऊनच होते असे नाही. एखाद्याला दुसऱ्याच्या गोष्टीतला खड्डा करून ठेवले, तरी होते. माझ्या दृष्टान्तात बया हा खड्डा होता. रामजोशी त्यात पडले, मोरोपंतांनी त्यांना वर काढले. खड्ड्याला कोण विचारतो, तुझे पुढे काय झाले?

चित्रपट ह्या बाबतीत माझ्याहून बरा, हे कबूल केले पाहिजे. त्यात बयाला चेहरा आहे, गळा आहे, मन आहे. आपल्याकडच्या जुन्या भक्तिपटांनीही हे जाणले होते. ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहून लोकांनी थिएटरात हात जोडले, पण गौरीबाईंची जिजाई विसरता येईल का? पोर तापाने फणफणल्यावर देवळात जाऊन विठोबावर पायताण उगारणारी ती बाई. तुकोबांचे वैराग्य दाखवताना त्या चित्रपटाने जिजाईच्या रिकाम्या डब्यांवर पांघरूण घातले नाही. नवऱ्याला देव भेटला, पण घरात दाणा नाही, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. वारकऱ्यांनी त्या जिजाईवर राग धरला नाही, उलट तिला घरची मानले.

आणि हंसा वाडकर. ही गोष्ट त्या रात्री मी मंडळींना सांगितली तेव्हा बुवाही सावरून बसले. ज्या बाईंनी 1947 साली बयाचे चाळ बांधले, त्यांनीच 1941 साली प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये सखू केली होती. कऱ्हाडची सखू, जिला सासरच्यांनी बांधून घातले आणि जिच्या जागी पांडुरंग स्वतः उभा राहिला, तीच ही बाई. लोकांनी एकीला नमस्कार केला, दुसरीला शिट्टी मारली. चेहरा तोच होता. पुढे 1959 साली ‘सांगत्ये ऐका’ ह्या तमाशापटाने त्यांचे नाव खेड्यापाड्यांत गेले. शेवटी 1970 साली त्याच नावाने त्यांनी आपली आत्मकथा दिली. लहान वयात घरासाठी करावे लागलेले काम, संसाराची परवड, व्यसन, चुका, काही झाकले नाही. दुसऱ्या बायकांची प्रेमे पडद्यावर करून झाल्यावर त्यांनी स्वतःचे स्वतःच सांगितले. वर्षभरात त्या गेल्या. 1977 साली श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकाच्या आधाराने ‘भूमिका’ काढला. ते पुस्तक हाती घेताना मला संकोच वाटला होता. वाचून झाल्यावर संकोच दुसऱ्याच गोष्टीचा वाटला. बया बोलली असती तर काय बोलली असती, हे मी कधी ऐकू इच्छिले होते का?

इथे एक तारीख पाहा. हा चित्रपट निघाला 1947 साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसले होते. विठोबाचे दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भाविकांना उघडावे म्हणून. दहा दिवसांनी ते उपोषण सुटले आणि मंदिर सर्वांना खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. तमाशाच्या फडावर उभ्या राहणाऱ्या अनेक स्त्रिया ज्या समाजांतून आल्या, त्यांना तोवर पंढरीत येऊनही आत पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबांप्रमाणे बाहेरूनच हात जोडायचे.

आता माझा दृष्टान्त पुन्हा तपासा. रामजोशी फडातून उठले आणि हरिकथेला उभे राहिले. मी त्यांच्या वैराग्याचे कौतुक केले. पण ते ज्या दाराने परत आले ते दार त्यांच्यासाठी उघडे होते. विद्या होती, कुळ होते, पंढरीत गुरू होता, बारामतीत पंत होते. जग म्हणाले, चुकला होता, आला परत, बसा महाराज. फडातल्या बाईला कोण म्हणणार होते, बसा बाई, आता तुम्ही कथा करा? तिने सगळे पश्चात्तापाचे अश्रू ढाळले असते तरी तिच्या हाती वीणा कोणी दिली नसती. दोघे एकाच रंगात रंगले, एकाच ठेक्यावर उभे राहिले. एकाचे त्यावरून चरित्र झाले, दुसरीचा त्यात डाग झाला. हीच गोष्ट पुढे पठ्ठे बापूराव आणि पवळा ह्यांच्याबाबतीत झाली. घरदार सोडून फडावर आलेल्या श्रीधर कुलकर्ण्यांच्या त्यागाची गोष्ट रंगवून सांगतात. पवळेने काय सोडले असेल हे विचारायला कोणी थांबत नाही.

हे मी रामजोशांना कमी लेखायला सांगत नाही. त्यांची लावणी मला पाठ आहे आणि त्यांच्या हरिकथेपुढे माझे डोके नमते. त्यांनी दार बंद केले असेही नाही. दृष्टान्त सांगणाऱ्याने, म्हणजे मी, ते रोज आतून लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिंडी निघाली. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने, तिऱ्हे, माचणूर करत मंगळवेढ्याला. मी मंगळवेढ्यापर्यंत बरोबर गेलो. वाटेत मावशींनी पुन्हा काही विचारले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला असावा. पण मंगळवेढा जवळ येऊ लागले तसे मलाच काहीतरी सांगावेसे वाटू लागले, कारण ते गाव कान्होपात्रेचे.

तुम्हाला गोष्ट ठाऊक आहे. शामा नावाच्या गणिकेची मुलगी. रूप असे की विकत मागणारे दारात उभे. एके दिवशी वारकऱ्यांची दिंडी दारावरून गेली, आणि तिने विचारले, तुम्ही कोठे निघालात? पंढरीला. तुमचा देव माझ्यासारखीला घेईल का? परंपरा सांगते की वारकऱ्यांनी तिला सांगितले, घेईल, चल. तिचे कूळ कोणी विचारले नाही. पुढे बेदरच्या बादशहाचे हुजरे तिला न्यायला आले तेव्हा तिने विठोबाच्या पायांवर देह ठेवला, आणि आज मंदिराच्या आवारात तिचे स्थान आहे. तिचे अभंग आपण म्हणतो. अभंगाच्या शेवटी तिची नाममुद्रा आहे, जशी नामदेवांची आहे, जशी तुकोबांची आहे. 1931 साली बालगंधर्वांनी ‘कान्होपात्रा’ नाटक रंगभूमीवर आणले आणि स्वतः ती झाले, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या मोठमोठ्यांना गणिकेच्या मुलीसाठी डोळे पुसावे लागले.

ही कथा मी मावशींना चालता चालता सांगितली. त्यांना ती माझ्याहून नीट येत होती. दोन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केले. मग म्हणाल्या, ‘तिला इचारायला दिंडी गावली, महाराज. दारावरनं गेली म्हनून गावली.’

मी पुढे काही बोललो नाही. सोलापुरावरूनही दिंड्या जात असणारच, तेव्हाही. फडाच्या राहुटीवरून जात असतील. बया बाहेर येऊन उभी राहिली असेल का, तिने कोणाला विचारले असेल का, आणि कोणी काय उत्तर दिले असेल? मराठवाड्याच्या त्या मावशीने तिला नक्कीच चल म्हटले असते. विणेकरी बुवांनी काय म्हटले असते ते त्या रात्री आम्ही ऐकलेच. मी काय म्हटले असते ह्याविषयी माझी खात्री नाही, माउली, आणि हे छापून येणार आहे हे ठाऊक असूनही लिहितो.

त्या वर्षी गर्दी फार होती. मावशींना आत दर्शन मिळाले नाही, नामदेव पायरी आणि कळस पाहून त्या माघारी फिरल्या, असे त्या मुलाने नंतर फोनवर सांगितले. कान्होपात्रेचे झाड आत राहिले. चोखोबांची समाधी बाहेर, ती त्यांना भेटली.

येत्या एकादशीला शेजारच्या गावी माझे प्रवचन आहे. विषय सत्संगाचाच दिला आहे आणि मंडळींनी आगाऊ सांगून ठेवले आहे, रामजोशांचा दृष्टान्त घ्या. मी घेणार आहे. ‘एक नाचणारी’ हे शब्द वहीतून खोडले आहेत आणि त्या जागी बया असे लिहिले आहे. त्याच्या पुढच्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत.